पाणी लागेपर्यंत

काच मोडायची म्हटली की लोक डोळे मिटून घेतात. ती डोळे उघडे ठेवून आणि कान टवकारून रोज सकाळी काच मोडायची. जाड काचेचा चौकोन यंत्राच्या चिमट्यात धरायचा, त्यावर तिरकी चीर ओढायची आणि मग स्क्रू इतका हळू पिळायचा, की आपण मोडतोय हे काचेलाही कळू नये. टिक् झालं की चौकोनाचे दोन त्रिकोण व्हायचे. त्या मोडल्या कडेला जी धार यायची तिच्यापुढे न्हाव्याचा वस्तरा म्हणजे कोयता. पण या धारेचं आयुष्य एका दिवसाचं. उद्या ती लोण्यावरही चालणार नाही. म्हणून रोज नवी काच, रोज नवं मोडणं. समुद्रकाठच्या त्या संशोधन केंद्रात तिला सगळे काचबाई म्हणायचे, आणि तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकलं की तीच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

तिचं काम कापायचं. माशाच्या आतला मोहरीएवढा तुकडा आधी औषधात मारून जसाच्या तसा थिजवायचा, मग चिवट रसायनात बसवून भट्टीत दगडासारखा टणक करायचा, आणि काचेच्या धारेवर त्याचे काप काढायचे. काप डोळ्यांना दिसत नसत, त्यांचा रंग दिसे. धारेमागे पाण्याची इवलीशी होडी असायची, तिच्यात ते तरंगत येत. सोनेरी आला तर जाड झाला, रुपेरी आला तर जमला. रुपेरी काप तांब्याच्या जाळीवर उचलून ती मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत नेऊन द्यायची. तिथे केंद्राच्या शास्त्रज्ञ बसलेल्या असत, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत.

तिचा नवरा त्याच केंद्रात पाणबुड्या होता. तो मासे वर आणायचा, ती पातळ करायची. केंद्राच्या हौदांवर देखरेख करणारा हौदवाला म्हणायचा, "या घरात भांडायला उरतं काय? हा खालून काढतो, ही कापून दिसेनासं करते." हौदवाला पाणबुड्याचा जिवाचा मित्र. होडीत दोर धरून बसायचं काम त्याचंच. तिला तो वहिनी म्हणे, आणि ती त्याला भावोजी.

मागच्या हिवाळ्यात पाणबुड्या धोंडे आणायला उतरला. धोंडा म्हणजे काही दगड नव्हे, मासाच. पण तळाशी असा बसतो की हात लावेपर्यंत दगड वाटावा. पाणबुड्याने वर येऊन टोपली होडीत दिली, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "एक राहिलाय." आणि पुन्हा खाली गेला. दोर काही वेळ हलत राहिला. मग हौदवाल्याच्या हातात सैल आला, नुसता ओला दोर. संध्याकाळपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बोटी आल्या. तो सापडला नाही. या सगळ्यात होडीतली टोपली कुणाच्याच ध्यानात राहिली नाही. उघडली तेव्हा त्यातले सगळे धोंडे कोरडे पडून मेले होते. एक मादी तेवढी कल्ले हलवत होती.

ती मादी कोपऱ्यातल्या हौदात एकटी राहिली. एकदा शिकायला आलेल्या पोरींपैकी एकीने विचारलं, "हिचा जोडीदार नाही?" हौदवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "ही विधवा आहे." मागे काचबाई बशा घेऊन उभी होती. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"वहिनी, मी आपलं..."

"असू दे, भावोजी. खोटं काय त्यात."

खोटं नव्हतं, पण खरंही तिला वाटत नव्हतं. केंद्रात दोन नळ होते, एक गोड्या पाण्याचा, एक समुद्राचा. समुद्राचं पाणी खाली धक्क्याच्या भिंतीजवळून पंपाने खेचलं जायचं आणि भिंतीभिंतींतून फिरत प्रत्येक मजल्यावर यायचं. नवरा गेल्यापासून ती सकाळी आली की आधी समुद्राचा नळ सोडायची. बशा, चिमटे, हात, सगळं त्याखाली धुवायची. गोड्या पाण्याने धुवायच्या वस्तूही. पाणी कधी थंडगार यायचं, कधी जरा कोमट. कोमट आलं की ती हात काढून घ्यायची नाही. भिंतीत पाइप मध्येच घोगरा आवाज करी, जसा तो वर आल्यावर घसा साफ करी. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. नळच तो.

घरी सासू होती. बंदरामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्या. म्हातारीचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. मुलगा बुडाल्यावर ती रडली नाही. फक्त दाराची कडी लावू देईना.

"त्याला किल्ली न्यायची सवय नाही," ती म्हणाली होती. "कितीदा सांगितलं, पण ऐकलं तर माझा मुलगा कसला."

"आई, खालचा शिंपी म्हणतो, चोर येतील."

"येऊ देत. नेतील काय? तुझ्या काचा? माझे गुडघे?"

म्हणून दार रात्रंदिवस नुसतं लोटलेलं असायचं. वारा आला की ते बोटभर उघडे, आणि दोघी एकमेकींकडे न बघता दाराकडे बघत.

*

बाईंना कोपऱ्यातली ती मादी हवी होती.

बाईंचा प्रश्न जुना होता. बहुतेक मासे पाण्यात अंडी सोडतात, नर वरून आपलं सोडतो, आणि पुढचं पाण्यावर. अशा माशांच्या शुक्राणूचं डोकं गोल, आयुष्य क्षणांचं. लागलं तर लागलं. पण धोंड्याचा नर मादीच्या पोटात ठेवून जातो. त्याच्या शुक्राणूची ठेवणच निराळी. डोकं लांबट, निमुळतं. मानेमागे ऊर्जेच्या गोळ्या एकाला एक लागून, लांबच्या प्रवासाला बांधलेल्या शिदोरीसारख्या. तो मादीच्या पोटातल्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकतो. नर केव्हाच मेलेला असतो, कुणी तरी खाल्लेला असतो, आणि त्याचं हे आत जिवंत.

अंड्याचं कवच जाड, थरावर थर, आणि अख्ख्या कवचाला एकच भोक. प्रयोगशाळेत त्याला दार म्हणायचे. शुक्राणू आत जाणार तो त्याच दाराने, आणि एक आत आला की ते कायमचं बुजणार. बाईंना जाणून घ्यायचं होतं, की पोटात असतानाच तो या दारातून जातो का. जात असेल, तर अंडं पोटातच वाढू का लागत नाही?

आधीच्या वर्षी सगळे फोटो वाया गेले. प्रत्येकात दार बुजलेलं. बाईंनी आठवडाभर डोकं धरलं आणि मग त्यांनाच उमगलं. अंडी काढली की समुद्राच्या पाण्यात खळबळून घ्यायची, ही केंद्राची जुनी रीत. त्या पाण्यानेच काहीतरी होत होतं.

"माझा अंदाज असा आहे," बाई सगळ्यांना म्हणाल्या होत्या, "की तो पोटातच दारात शिरतो आणि उंबऱ्यावर उभा राहतो. अंडं त्याला आत घेत नाही आणि बाहेरही काढत नाही. समुद्राचं पाणी लागलं की मग घेतं. हे बघायचं तर अंड्यांना खारं पाणी लागता कामा नये. एक थेंबही नाही. मादीचं पोट बाहेरून कोरडं पुसून उघडायचं, अंडी थेट औषधात."

त्यासाठीच पाणबुड्या त्या दिवशी उतरला होता. आणि आता पिकत आलेली मादी एकच उरली होती. नवा पाणबुड्या अजून नेमला नव्हता. मोसम संपत आला होता.

"पिकली का अंडी?" बाई दर दोनचार दिवसांनी विचारत.

"अजून नाही," काचबाई म्हणे.

ते खोटं होतं. मादीचं पोट केव्हाच टच्च झालं होतं. पण तिच्या अंगावर अजून नवऱ्याच्या हाताचा स्पर्श होता. त्याने तिला तळावरून उचललं, टोपलीत घातलं, टोपली वर दिली. त्याच्या हातातून गेलेलं आणि अजून श्वास घेणारं जगात एवढंच होतं. ते कापायचं, आणि कापणारी ती. दुसरीकडे हेही होतं, की हिच्याचसाठी तो गेला. हिचा उपयोगच झाला नाही, तर तो उगाचच गेला. या दोन पात्यांमध्ये ती रोज सकाळी उभी राही, नळाखाली हात धरून.

*

बाई बैठकीला शहरात गेल्या होत्या त्या दुपारी हौदवाल्याने खालून फोन केला.

"वहिनी, धोंडीण दगडाला पोट घासतेय. आज सोडणार ती."

"अजून पिकली नाहीत."

"हे बाईंना सांगा. मला कशाला सांगता? मी रोज तिचं पोट बघतोय."

फोनमध्ये हौदांच्या पाण्याचा आवाज येत होता.

"नाहीतर असं करा," हौदवाला खालच्या आवाजात म्हणाला. "येऊच नका. सोडू दे तिला हौदात. मासा जगेल, पोरं होतील. मी म्हणेन, जेवायला गेलो होतो. माझं पोट बघून बाई विश्वास ठेवतील."

"आणि ते कशाला गेले होते, भावोजी?"

मग तो म्हणाला, "या मग. मी पाणी कमी करतो."

तिने बशा, चिमटे, औषधाची बाटली गोळा केली आणि खाली आली. येताना तिला एक तिसरी वाट सुचली होती. पोट न फाडता नुसतं हलक्या हाताने दाबून अंडी काढायची. जमलं तर बाईंना अंडी मिळतील आणि मासाही जगेल. तिने मादीला जाळीत घेतलं, ओल्या फडक्यावर ठेवलं, खालचा भाग कापसाने पुन्हा पुन्हा पुसून कोरडा केला. हौदवाल्याने डोकं धरलं. तिने अंगठा पोटावरून मागे नेला. अंडी आली, पिवळसर, एकमेकींना चिकटलेली, आणि बशीत ओघळली.

बशीत ती चमकली. जरा जास्तच चमकली.

काचबाईचा अंगठा थांबला. बशीच्या तळाला पाण्याचा पातळ पापुद्रा होता. खाली येण्याआधी तिने बशी उचलली होती, नळ सोडला होता, बशी त्याखाली धरली होती, झटकली होती. रोजच्यासारखी. आणि तो नळ कोणता हे तिला आठवायची गरज नव्हती.

"काय झालं?" हौदवाल्याने विचारलं.

"ओली आहे."

"ओली म्हणजे?"

"मी समुद्राच्या नळाखाली धुतली."

हौदवाल्याने बशीकडे पाहिलं. तिच्यात काहीच घडताना दिसत नव्हतं. पण कवचांच्या आत एक एक दार बुजत होतं, आणि ज्याला आत घ्यायचं त्याला घेतलं जात होतं. त्याला आता कुणी परत उंबऱ्यावर आणून उभं करू शकणार नव्हतं.

"औषधात टाका पटकन," तो म्हणाला. "कुणाला कळतंय."

"फोटोत दार बुजलेलं दिसेल. बाई म्हणतील, पोटातच बुजलं. आणि तेच छापतील."

"मग?"

मादीच्या पोटात अजून अंडी होती. पण चिकट अंड्यांची माळ बशीतून पोटापर्यंत लागून होती, त्यांची बाहेर यायची वाटही त्या पाण्याने ओली झाली होती. कोरडी अंडी हवीत तर वाट एकच, बाईंनी आधीच सांगितलेली. काचबाईने मासा उलटा केला. पांढरं पोट वर आलं, कल्ले उघडले, मिटले. तिने पोट पुसलं, पुन्हा पुसलं, जितकं लागत होतं त्याहून जास्त वेळ पुसलं. मग हौदवाल्याकडे न बघता म्हणाली, "धरा घट्ट. तुमच्या हातून सुटलं तर..."

तिने वाक्य तिथेच तोडलं. त्याला ऐकू आलं होतं. त्याने धरलं, आणि ती कापेपर्यंत त्याची बोटं पांढरी पडली होती.

या वेळी कोरड्या बशीतही नाही, अंडी थेट औषधात गेली. माशाचे कल्ले थांबले. ओली अंडी हौदवाल्याने जाळीच्या टोपलीत ठेवून वाहत्या पाण्यात सोडली. "ही तरी राहू देत," तो म्हणाला, आणि तिने मान हलवली.

संध्याकाळी बाई आल्या. तिने सगळं सांगितलं. पिकली नाहीत म्हणाले तेही खोटं, बशीचंही.

बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. "तो नळ तुम्ही रोज सोडता," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. मी बघते. बशी मीच दुसरी द्यायला हवी होती." मग जरा वेळाने, "कोरडी किती मिळाली?"

"पुरतील."

"पुरवा."

*

अंडं कापणं म्हणजे डोंगर पोखरणं. आतला बलक धार खातो, कवच ती मोडतं, आणि एवढ्या गोळ्यात ते एक दार शोधायचं. रोज नव्या काचा मोडून ती काप काढत राहिली. सोनेरी आले, टाकले. रुपेरी आले, नेले. बाई म्हणाल्या, नाही. पुन्हा काच, पुन्हा काप. नळ मात्र तिने त्या दिवसापासून सोडला नव्हता. भिंतीतला पाइप घसा साफ करी, ती मान वर करत नसे.

या दरम्यान खाली जाळीतल्या अंड्यांमध्ये डोळे दिसू लागले. काळे, दोन दोन ठिपके. हौदवाला तिला बोलावून घेऊन गेला.

"बघा, वहिनी. बाप कधीचा गेला, कुठे गेला, पत्ता नाही. आई अशी गेली. आणि पोरं डोळे वटारून बघतायत, जसं काही आपणच त्यांचं देणं लागतो."

ती वाकून बघत राहिली. ते डोळे कुणाकडेच बघत नव्हते, तरी वाटत होतं बघतायत.

"त्या दिवशी," हौदवाला म्हणाला, "दोर सैल झाला तेव्हा मला वाटलं, तो हसतोय खाली. माझी गंमत करतोय. म्हणून मी जरा वेळ ओढलाच नाही."

"ते गंमत करायचेच," ती म्हणाली. एवढंच. पण तिने त्याच्या दंडाला हात लावला, आणि मग दोघं पुन्हा अंड्यांकडे बघत राहिले.

एका दुपारी बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं. खोली अंधारी होती, मधल्या गोल काचेवर हिरवट उजेड. त्या उजेडात कवचाचे थर होते, भिंतीसारखे, आणि भिंतीत वरून खाली उतरत गेलेली निमुळती बोळकांडी. बोळकांडीच्या अगदी टोकाशी तो होता. लांबट, काळं डोकं. मानेमागे शिदोरी. शेपूट अजून बोळकांडीत मागे रेंगाळलेलं. अंड्याच्या पातळ अस्तराला त्याचं कपाळ टेकलं होतं. टेकलं होतं, पण मध्ये एक रेघ होती. केसाहून बारीक, अखंड.

"उभा आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, पण हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता.

काचबाई त्या रेघेकडे बघत राहिली. इतक्या जवळ, इतका काळ. आत नाही आणि बाहेर नाही. ज्याने त्याला इथे पाठवलं तो नाही. आणि हा कपाळ टेकून.

"हा असा किती दिवस उभा राहतो?" तिने विचारलं.

"ती अंडी सोडेपर्यंत. पाणी लागेपर्यंत."

"आणि तिने सोडलीच नाहीत तर?"

बाईंनी चष्मा काढला. "मग तिचं शरीर अंडी हळूहळू जिरवून टाकतं. होतं तसं कधी कधी. धरून ठेवली की."

"आणि हा?"

"दारातल्यासकट," बाई म्हणाल्या.

*

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दार बोटभर उघडं होतं. सासू खिडकीशी बसून खालच्या शिंप्याच्या यंत्राला शिव्या घालत होती. काचबाईने चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ती घरी कामाचं कधी बोलत नसे. म्हातारीला मासे शिजलेले तेवढेच ठाऊक. तरी तिने सांगितलं. दार कसं असतं, तो आत कसा येतो, उंबऱ्यावर कसा राहतो, मध्ये रेघ कशी असते.

सासूने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी तिने विचारलं, "आणि दारात उभा असतो तो कोरडा असतो?"

"समुद्राचं पाणी लागलेलं नसतं. लागलं की मग तो दारात राहत नाही. आत जातो. दार बंद होतं."

म्हातारी बराच वेळ आपल्या गुडघ्यांवर हात फिरवत राहिली. खाली शिंप्याचं यंत्र थांबलं, सुरू झालं.

"आपल्याला तर पाणी लागलं," ती म्हणाली.

काचबाईला आधी कळलं नाही ती कुणाबद्दल बोलतेय. मग कळलं.

"इतके महिने पाण्यात आहे पोरगा," सासू म्हणाली. "तो कसला दारात उभा असतो. आपणच दोघी उभ्या आहोत, खुळ्यासारख्या." तिने पदराने तोंड पुसलं. पुसलं आणि पुसतच राहिली, ओलं थांबेना. "कडी लाव जा. गार वारा येतो. माझे गुडघे काय फुकटचे आहेत?"

काचबाई दाराशी गेली. कडी गंजून बसली होती. दार जरा वर उचलून धरावं लागलं, खांद्याने रेटावं लागलं, तेव्हा ती कुरकुरत सरकली आणि शेवटी टिक् करून बसली. लावण्याआधी तिने बाहेर डोकावून पाहिलं नाही.